कमी दाखवा, जास्त दाखवा

...आणि वर पुन्हा हसरा चेहरा काढलाय ह्या फोनवाल्यांनी! गोल, पिवळा, गालाला खळी! जणू काही आपल्या घरी आनंदाची बातमी आहे आणि ती हेच पहिल्यांदा सांगतायत! "आजपासून तुमच्या फोनवर काय दिसावं, ते तुम्हीच ठरवा!" तुम्हीच ठरवा म्हणे! खाली पट्ट्या दिल्यात ओळीने, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असायच्या ना, तशा. राजकारण... कमी, जास्त. खेळ... कमी, जास्त. प्राणी... कमी, जास्त. आरोग्य... कमी, जास्त. आणि सगळ्यात खाली एक रिकामी चौकट, "तुम्हाला काय बघायचंय आणि काय नाही, ते तुमच्या शब्दांत लिहा." अहो, आपल्याला काय हवंय हे माणसाला आपल्या शब्दांत सांगता आलं असतं, तर माझं दुकान पहिल्याच वर्षी बंद पडलं नसतं का?

नाही, तुम्ही बसा, बसा नीट. सांगतो. माझं चपला-बुटांचं दुकान. माझं म्हणजे आमचं, दादाचं आणि माझं. दादा सहासष्ट वर्षांचा, मी साठीचा. मी काउंटरवर, दादा खाली, बुटक्या स्टुलावर, गिऱ्हाइकाच्या पायाशी. चाळीस वर्षं. शाळा दोघांनीही लवकर सोडली, त्यामुळे जे काही शिकलो ते लोकांच्या पायांकडे बघून शिकलो, आणि तुम्हाला सांगतो, तोंडापेक्षा पाय पुष्कळ खरं बोलतात.

म्हणजे बघा. गिऱ्हाईक आत येतं, ऐटीत सांगतं, "सात नंबर दाखवा." दादा म्हणतो, "सात? आत्ता देतो." नजर मात्र खाली. आत जातो आणि आणतो आठ. पण खोक्याचं झाकण आतच ठेवून येतो, त्यावर नंबर छापलेला असतो ना! बूट पायात अस्सा जातो, गिऱ्हाईक दोन पावलं चालतं, आरशात बघतं, "बघा! म्हटलं नव्हतं, सात!" आणि दादा मान डोलावून, "तुमचा अंदाज म्हणजे अंदाज हो!" एकदा एक बाई आल्या, अर्धा तास सांगत होत्या, मला साधं काहीतरी हवं, काळं, ऑफिसचं, डोळ्यात न भरणारं. बोलत होत्या काळं आणि बघत होत्या तिसऱ्या फळीवरच्या लाल सँडलकडे. दादाने काळे चार जोड काढले आणि लाल जोड "चुकून" खाली ठेवला. काय घेऊन गेल्या, सांगायला हवं का?

दादा मला पहिल्या दिवसापासून सांगायचा, "नंबर गिऱ्हाइकाला विचारायचा नसतो रे. पायाला विचारायचा."

मग हा फोन इतकी वर्षं वेगळं काय करत होता? तुमच्या तोंडाकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. तुमचा अंगठा कुठे थांबला, किती थांबला, पुढे जाऊन मागे आला का, एवढंच बघायचा आणि आतून खोका आणायचा. झाकण न आणता! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर आपल्याच धंद्यातला! कौतुक वाटलं हो मला. खरंच वाटलं. नंतर गिळायला जड गेलं, ती गोष्ट निराळी.

तर दादाची एक खोड होती. गिऱ्हाईक वयस्कर असलं, घेतलेला बूट कडक चामड्याचा असला आणि नंबर नेमका दादाच्या पायाचा असला, की दादा म्हणायचा, "राहू द्या दोन दिवस माझ्याकडे, मऊ करून देतो." आणि तो बूट स्वतः घालून घरभर फिरायचा. वहिनी ओरडायची, "लोकांचे बूट घालून काय फिरताय स्वयंपाकघरात!" दादा म्हणायचा, "अगं, त्यांच्या पायाला चावण्यापेक्षा मला चावलेलं बरं." असं करणारा दुकानदार तुम्ही बघितलाय कुठे? मी नाही बघितला. आणि गेल्या वर्षी एका निवृत्त पोस्टमास्तरांचा जोड दादाने असाच मऊ करायला घेतला, आणि त्यातल्या डाव्या बुटात, करंगळीपाशी, एक बारीक खिळा वर आलेला होता.

दोन दिवस, अहो दोन दिवस दादा त्या खिळ्यावर चालला! दुखलं? छे! पंधरा वर्षांची शुगर. पायाला विचारायचा म्हणणाऱ्या माणसाचा पाय कधीचाच बोलायचा बंद झाला होता, आणि सगळ्या गावाच्या पायांची खबर असणाऱ्या आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता! वहिनीला मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. तोही तिने आधी साबण लावून धुतला, तिला वाटलं, पॉलिश लागलंय.

सर्जनबाई कमी बोलणाऱ्या. बोट बघितलं, दाबलं, दादाचा चेहरा बघितला, पुन्हा दाबलं. म्हणाल्या, "करंगळी काढावी लागेल. आज शुक्रवार, गोळ्या देते, गुरुवारी या. एक बोट. चार दिवसांत घरी." दादा म्हणाला, "विचार करतो." बाई म्हणाल्या, "तुम्ही करा विचार. ते बोट विचार करत थांबणार नाही."

आता दादा घाबरला म्हणून त्याला हसू नका. आमच्याकडे एक शाळामास्तर यायचे, त्यांनाही शुगर. एका वर्षी म्हणाले, "बुटाच्या टोकाला कापूस भरून द्या, दोन बोटं गेलीत." पुढच्या वर्षी आले, म्हणाले, "एकच बूट मिळेल का?" तिसऱ्या वर्षी आलेच नाहीत. दादाने स्वतःच्या हाताने तो कापूस भरला होता. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, एकदा कापायला लागले की थांबत नाहीत. ह्याला उत्तर काय द्याल? "मास्तरांनी उशीर केला होता," हे उत्तर. पण मास्तरांनी उशीर केला होता हे सांगायला मास्तर कुठे होते?

तर त्या शुक्रवारी घरी आल्यावर दादाने फोन घेतला आणि तीन शब्द लिहिले, "बोट न कापता". झालं! तीन शब्द! आला तो हिरव्या सदऱ्यातला. मागे कुंडी, कुंडीत रोप, आणि आवाज काय हो... माझी बायको लग्न झाल्यापासून माझ्याशी इतक्या मऊ आवाजात बोललेली नाही! "मित्रा... घाबरलास? साहजिक आहे, मित्रा. ते कापणारच. त्यांना कापताच येतं. पण पाय कुणाचा? तुझा. हा लेप लाव... आणि शांत झोप." दादाचा अंगठा थांबला. संपलं! फोनने ते बघितलं आणि आत जाऊन तसलेच दुसरे चार खोके घेऊन आला. शनिवारी दुपारपर्यंत फोन उघडला की हिरवंच हिरवं, शेवाळ धरल्यासारखं!

वहिनीने मला मोरीपाशी गाठलं. आमची वहिनी कधी कुणाकडे काही मागणारी नाही. म्हणाली, "भावोजी, त्या माणसाला काढा हो त्यातून. काल रात्रीपासून लेपच वाटतेय मी. माझे हात हिरवे झालेत आणि त्यांचा पाय काळा होतोय."

आणि नेमका त्याच शनिवारी तो पिवळा चेहरा उगवला! तुम्हीच ठरवा म्हणे! मी म्हटलं, वा! देव पावला! म्हणजे आता खोके कुठले पुढे ठेवायचे ते आपल्या हातात! चाळीस वर्षं दुसरं काय केलंय आपण? दादा अंघोळीला गेला, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. दुकानाला आमच्या तीन कुलपं, दादाच्या फोनला एकही नाही. बसलो पाटावर आणि लागलो कामाला. लेप, घरगुती उपाय... पट्टी पार डावीकडे, शून्य. डॉक्टर, शस्त्रक्रिया... पार उजवीकडे, भरून. फोन जागेवर ठेवला आणि चहा प्यायलो. इतका गोड चहा आयुष्यात प्यायलो नव्हतो.

रविवारी दुपारी हाक, "अरे, इकडे ये! लवकर ये! हे बघ!" धावलो. पडद्यावर करवत! दादा पांढराफटक. "अरे, सगळे कापतायत रे! कालपर्यंत एक तरी मित्र म्हणणारा होता, आज जो तो करवत घेऊन उभा! ह्याने तर कापताना गाणं लावलंय!" माझी चूक हो, शंभर टक्के माझी चूक! सर्जन लोक व्हिडिओ कशाचे टाकणार, रांगोळीचे? आणि चाळीस वर्षांचा अनुभवी मी, बिचकलेल्या गिऱ्हाइकापुढे दुकानातला सगळ्यात कडक बूट पहिला ठेवला!

सोमवारी पुन्हा पिशवी, पुन्हा अंघोळ, पुन्हा मी. ह्या वेळी चौकटीत लिहिलं, "शस्त्रक्रियेनंतरही आनंदात असलेली माणसं दाखवा." तर काय दाखवावं? एका पोराला दोन्ही पाय पोलादाचे आणि तो डोंगरावरून उडी मारतोय! दुसरी बाई एका पायावर समुद्राच्या लाटेवर उभी! दादा म्हणाला, "बघ हा वेडा. अरे, मला दुकानाची पायरी चढायचीय, ह्याचा आनंद घेऊन मी काय करू?"

मंगळवारी सकाळी मी जरा थांबलो. डोळे मिटून दादाला समोर आणला, गिऱ्हाईक म्हणून. ह्याच्या पायाचा नंबर काय? आणि लिहिलं, "साधी, वयस्कर माणसं. एक बोट गेलेली. घरात चालणारी. संगीत नको."

आणि आला हो, आला! एक शिंपी. दादाच्याच वयाचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. शिलाई मशीनच्या पायट्यावर उघडा पाय, चार बोटांचा, खाली वर, खाली वर. म्हणतो, "करंगळी काढली त्याला सहा वर्षं झाली. ती इतके दिवस नेमकं काय काम करत होती, ते मला अजून कळलेलं नाही." दादा हसला! पाच दिवसांत पहिल्यांदा. तीनदा बघितला तो व्हिडिओ, तीनदा हसला. संध्याकाळी वहिनीला म्हणाला, "गुरुवारची पिशवी भरून ठेव. बघू." वहिनी उठून मोरीत गेली. नळ सोडला आणि हात धूत राहिली, धूत राहिली... नळाचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

संपली असती गोष्ट! मंगळवारी संपली असती तर मी तुम्हाला आज असा पकडून बसवला असता का?

बुधवारी सकाळी दुकानात, दादा स्टुलावर, पाय दुसऱ्या स्टुलावर, फोन वाजला. टिंग! "नमस्कार! तुम्ही या आठवड्यात तुमच्या आवडीनिवडीत तीन बदल केलेत. हे बदल तुम्हाला पसंत आहेत का?" आणि खाली तिन्ही बदल! माझ्या शब्दांत! कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं! अहो, इतकी वर्षं झाकण आत लपवून ठेवणारा विक्रेता, नेमका त्या बुधवारी झाकण हातात धरून बाहेर आला! प्रामाणिकपणा म्हणे! गिऱ्हाइकाला सगळं दिसलं पाहिजे म्हणे! तुम्हीच ठरवा म्हणे!

दादा एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत होता. "साधी... वयस्कर माणसं... संगीत नको." मी रचलेलेच खोके पुन्हा रचत होतो.

"हे मी लिहिलं?"

मी आणखी एक खोका वर चढवला.

"सकाळी सात वीस. मी मोरीत होतो सात वीसला."

"दादा, अरे, ऐक..."

"माझा नंबर तू ठरवलास?"

"चाळीस वर्षं तू लोकांचा ठरवतोयस की!"

"लोकांचा जोड मी ठरवतो रे. पाय नाही ठरवत."

"तो शिंपी खरा माणूस आहे, दादा. मी फक्त पुढे ठेवला."

"आणि हिरवा?"

"तो थापाड्या!"

"त्यालाही कुणीतरी पुढेच ठेवला ना? मग मी ओळखू कसं, तुझा कुठला आणि खरा कुठला?"

आता ह्यावर काय बोलावं? तुम्ही काय बोलला असता? तेव्हा मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "दादा, चहा सांगू?"

दादाने चष्मा पुसला आणि त्याच बोटाने, एकेक अक्षर शोधत, चौकटीत स्वतः लिहिलं. मोठ्याने म्हणत, मला ऐकू येईल असं. "मला डॉक्टर नकोत. कापाकापी नको. घरच्यांनी सुचवलेलं काहीही नको." आणि मग फोनला कुलूप घातलं. कसं घालायचं ते मलाच विचारलं. आणि मी सांगितलं! मोठा भाऊ आहे हो, विचारलं तर सांगायला नको?

आणि फोनने ऐकलं! तीच तर तक्रार आहे माझी! पूर्वीचा लबाड होता, पण लबाडाच्या हातून कधी चुकून दुसरं खोकं यायचं. शंभरात एखादा डॉक्टर, एखादा शिंपी, वाट चुकल्यासारखा. हा नवा सज्जन! शब्दाला पक्का! दादाने सांगितलं डॉक्टर नको, तर त्या फोनमधून डॉक्टर नावाचा प्राणी पृथ्वीवरून पुसल्यासारखा नाहीसा झाला. तुम्हीच ठरवा म्हणे... ठरवलं ना त्याने!

गुरुवार गेला. हॉस्पिटलमधून फोन आला, दादा म्हणाला, "रद्द करा, बरं वाटतंय." पुढचे अकरा दिवस मी रोज भांडलो, वहिनी रडली, एकदा सर्जनबाईंनी स्वतः फोन केला, तो दादाने घेतला नाही. आणि तुम्हाला सांगतो, त्या अकरा दिवसांत दादा इतका शांत होता, इतका हसतमुख, गिऱ्हाइकांशी गप्पा काय, वहिनीची थट्टा काय, की एका सकाळी मलाच वाटलं, लेप लागू पडतोय की काय! मलाही! मी, जो शेंबड्या पोरालाही उधारीवर नाडी देत नाही, तो मी!

बाराव्या दिवशी एका बाईंच्या बुटाची नाडी बांधता बांधता दादा स्टुलावरून खाली घसरला. अंग तापलेलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला. मी गुडघ्यावर बसून पट्टी सोडली... आणि चामड्याच्या वासात आयुष्य काढलेल्या माणसाला पुढे काही सांगायची गरज नव्हती.

सर्जनबाई रागावल्या नाहीत हो. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "गुडघ्याखालून," म्हणाल्या. मी काय विचारावं? मी विचारलं, "आणि करंगळी?" "करंगळी त्यातच गेली," म्हणाल्या. "गुरुवारी तेवढीच जाणार होती." मग कागद पुढे केला, "सही कोण करतंय?" दादा शुद्धीवर नव्हता. वहिनीने केली. हिरवा अंगठा उमटला कागदाच्या कडेला, तो पुसायला गेली, तर जास्तच पसरला.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी दादाला उठवून बसवलं. कुणावर राग नाही त्याचा. माझ्यावर नाही, हिरव्यावर नाही. फोन मागितला नाही त्याने, मी दिला नाही. शेजारच्या खाटेवर एक गॅरेजवाला, चाळिशीचा, दांडगा गडी, उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी. एक बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं ठरलेलं, पण गडी सहीला तयार नव्हता. आणि त्याच्या उशाशी फोन, आणि फोनातून आवाज... "मित्रा... घाबरलास? साहजिक आहे, मित्रा..."

दादाची मान गर्रकन वळली.

"भाऊ," दादा म्हणाला, "ते बंद कर. इकडे बघ." आणि अंगावरची चादर बाजूला केली. सगळं दाखवलं. "माझंही एक बोटच होतं. अठरा दिवसांपूर्वी. त्याहून लहान, करंगळी."

गॅरेजवाला सभ्य माणूस. म्हणाला, "काका, प्रत्येकाची केस वेगळी असते." आणि कूस बदलली.

दुपारी दादाने पुन्हा सांगितलं. त्याने कानात फोनची ती बोंडं घातली. संध्याकाळी दादा पुन्हा चादर उचलून खाटेच्या कडेपर्यंत सरकला, मी धरला नसता तर पडला असता, आणि ओरडायला लागला, चाळीस वर्षांत ज्या माणसाने गिऱ्हाइकापुढे आवाज चढवला नाही तो माझा दादा, "अरे, एक बोट! एक बोट दे आणि घरी जा रे! मी तुला काही विकत नाहीये! बघ, बघ तरी इकडे!" सगळा वॉर्ड उठून बसला. सगळ्यांनी बघितलं. एक तो सोडून.

त्याने घंटी दाबली. सिस्टर आल्या. "सिस्टर, ह्यांचा फार त्रास होतोय. मधला पडदा ओढता का?"

सिस्टरनी दादाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या तरी काय करणार? पेशंटने मागितला तर ओढायचा, नियम आहे. ओढला. वरच्या कड्या खळखळत गेल्या, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दादाच्या हातात चादर तशीच उचललेली.

मी पडद्याला हात लावून बघितला. सवय हो, धंद्याची. दुपदरी, कडा नीट शिवलेल्या. माल उत्तम होता, खोटं कशाला बोलू... पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.